दहिवरातली मोहरी

ऐका दहिवरबाई, तुमची कहाणी.

आटपाट गाव होतं, काळ्या मातीचं, नदीच्या अंगाचं. तिथं एक सासू आणि तिच्या दोन सुना नांदत होत्या. थोरली चिमा, धाकटी बयजा. घरचे पुरुष गाड्या घेऊन दूरच्या पेठांना जात, शेत बायकांच्या हाती असे. त्यांत एक शेत देवीचं होतं. तिथल्या करडईचं घागरभर तेल दर साली देवीच्या समईला जाई. मग काय झालं? एका साली करडई उभी वाळली, दुसऱ्या साली वाळली. देवळातली वात बारीक करावी लागली.

तेव्हां बयजा भीत भीत सासूला म्हणाली, माझ्या माहेरी मोहरी पेरतात, हे शेत मला एक साल द्या. चिमा हसली. मोहरी मिसळणाच्या डब्यात असते, शेतात कुठली, म्हणाली. सासूनं विचार केला.

"शेत देवीचं आहे, बयजा. घागरभर तेल निघालं तर शेत तुझं. नाही निघालं तर पुन्हा विळ्याला हात लावायचा नाही."

बरं म्हणून बयजानं बी चाळलेल्या मातीत मिसळलं, तीन पट्टे पेरले. मोहरी उगवली, कमरेला लागली, खांद्याला लागली, मग फुलली. सारं शेत पिवळं झालं. मधमाशा इतक्या आल्या, की बांधावरच्या बायकांना मोठ्यानं बोलावं लागे. बयजाला जेवण गोड लागेना. उठता बसता तिचे डोळे शेतात.

फुलं गेली, शेंगा भरल्या, पिवळ्या पडल्या. कापणीचा दिवस आला. बयजानं सडा घातला, पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या. मग विळा घेतला. तोंवर ऊन माथ्यावर आलं होतं. पहिला विळा लावला, तशा शेंगा तडतड फुटल्या. दाणे उडाले, भेगांत गेले. पहिला पट्टा मातीला मिळाला. चिमा बांधावरून म्हणाली, "लोक घरात फोडणी करतात, तू शेतात केलीस."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत बयजा शेतात जाऊन रडत बसली. तो समोरून एक म्हातारी आली. लुगडं पांढरं, पदर ओला, केसांतून थेंब गळताहेत. म्हणाली, "बाई बाई, कां रडतेस?" बयजानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, माझा वसा घे. तो कसा करावा? चुलीआधी विळा घ्यावा. शेंगा पहाटेच्या दहिवरानं ओल्या असतांना अलगद कापाव्या. उन्हाची तिरीप पेंढीवर पडली की थांबावं. पेंढ्या खळ्यावर लुगडं अंथरून वाळवाव्या.

"पण तू भुलशील. अजून चार पेंढ्या म्हणशील, वसा मोडशील."

"भुलणार नाही, म्हणणार नाही, मोडणार नाही."

बयजा दुसरा पट्टा कापूं लागली. एक शेंग फुटेना, एक दाणा सांडेना. तिचा हात असा भरभर चालला की तिचा तिलाच दिसेना. निम्मा पट्टा झाला आणि तिरीप आली. बयजा म्हणाली, अजून चारच पेंढ्या. चाराच्या आठ झाल्या. मग शेंगा तडतड फुटल्या. वळून पाहते तो म्हातारी नाही. बयजानं गालांत मारून घेतलं, उरलेला निम्मा पट्टा तसाच सोडला. उन्हानं तो दिवसात फुटला.

संध्याकाळी सासू त्या वाटेनं आली. सांडलेले दाणे तिच्या पायांना टोचले.

उरला तिसरा पट्टा, सगळ्यांत रुंद. दहिवर थोडा वेळ आणि बयजा एकटी. तिला मागायची लाज वाटे. तरी पहाटे ती सासूच्या अंथरुणापाशी जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, आज चूल पेटवायची नाही. तुम्ही दोघी माझ्याबरोबर चला."

चिमा म्हणाली, घरात आग नसली तर गाव काय म्हणेल? सासूनं चुलीकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती रोज पेटवली होती. मग उठली, भिंतीचा विळा घेतला. चिमाही कुरकुरत निघाली.

तिघी कापूं लागल्या. इकडे गाव उठलं. सगळ्या घरांवर धूर, एका घरावर नाही. लोक म्हणाले, तिथं कांही बरंवाईट झालं. बायका धावत आल्या. पाहतात तो घर रिकामं, तिघी शेतात, हात दहिवरानं ओले. सासू वर न बघतां म्हणाली, "उभ्या काय राहता? ऊन येतंय."

मग कुणी विळा आणला, कुणी नुसत्या पेंढ्या धरून दिल्या. पूर्वेला लाली आली, हात भरभर चालले. टेकडी उजळली, नदी उजळली, शेवटची पेंढी बयजाच्या हातात आली आणि तिरीप तिच्यावर पडली. कापायला कांही उरलं नव्हतं. बयजा हसतां हसतां मटकन खाली बसली.

मोहरी वाळली, झोडली, घाण्याला गेली. तेल्यानं घागर भरली. तेल काठाला लागलं. देवळातली वात मोठी झाली.

सासू म्हणाली, "शेत तुझं. पण दहिवरात मला हाक मारायला विसरलीस, तर बघ."

जशी दहिवरबाई बयजाला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ही ओल्या शेंगांची कहाणी भरल्या घागरीशी सुफळ संपूर्ण.