खेळाची वस्तू

भूपालराव चौगुले गावच्या धर्मादाय ट्रस्टचे अध्यक्ष होते आणि त्यांच्यापुढे ब्र काढायची गावात कुणाची छाती नव्हती. इंजिनिअरिंगला निघालेल्या तस्नीम मुजावरला ट्रस्ट लॅपटॉप देणार होता. पुराचं पाणी कुठवर चढेल, हे संगणकावर मांडायला तिला शिकायचं होतं. साधा लॅपटॉप त्या कामाला पुरत नव्हता. सर्वांत ताकदीचा होता, तो पाठीवर घेऊन नदीकाठ हिंडणं शक्य नव्हतं. हलका आणि दमदार होता, त्याची किंमत ट्रस्टच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून तिनं मधला निवडला. पण त्याच्या खोक्यावर ‘गेमिंग’ असं छापलेलं होतं.

भूपालराव सभेत कडाडले, “धर्मादायाचा पैसा खेळण्यात घालवायचा? खेळाची वस्तू खेळालाच लागते!”

तस्नीम उठून म्हणाली, “दादासाहेब, पुरात तुमच्या आईसाहेबांना कुठं नेलं होतं?”

“तालमीत. तिथंच जीव वाचला तिचा.”

“तालीम तर कुस्ती खेळायची जागा, दादासाहेब.”

भूपालरावांनी मान खाली घातली. मग चिटणीसांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “पोरगी म्हणते तोच घ्या.”