पुसलेल्या नावाची नोंद

सकाळी सुदामने इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातलं आपल्या गावचं पान उघडलं आणि तो हबकलाच. गावची बारव सखू गुरविणीने बांधली, असं त्याने शिलालेख वाचून लिहिलं होतं. तिथे आता सरपंच दाजीसाहेबांच्या पणजोबांचं नाव होतं.

तो तडक चावडीवर गेला. "दाजीसाहेब, सखूबाईचं नाव तुम्ही पुसलंत?"

"पुसलं. तू लिही, मी पुन्हा पुसेन. आठवीत शाळा सोडलेला बिनपगारी लेखक तू."

सुदामने मान खाली घालूनच मोबाइल पुढे केला. "खुशाल पुसा. पण इथे कोणी काय पुसलं, त्याची नोंद कायम राहते. ही बघा तुमची, नावानिशी. दहादा पुसलंत, तर सखूबाईला पुसणारे म्हणून दहादा दिसाल."

चावडीवरची माणसं मोबाइलवर वाकली. दाजीसाहेबांनी हळूच विचारलं, "आणि मीच तिचं नाव परत लिहिलं, तर त्याचीही नोंद राहते ना?"