तांब्याचं काळीज

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येणार नाही. एका गावात एक तांबट राहत होता. कारागीर असा की दहा गावांत तोड नाही, पण मरणाचं नाव काढलं की त्याची बोबडी वळायची.

एका वर्षी साथ आली. आळीतली माणसं पटापट गेली. तांबटाने स्वतःला कोंडून घेतलं आणि तांब्याची दोन काळजं घडवली, एक स्वतःसाठी, एक बायकोसाठी. ती छातीत बसवली आणि मरण खरोखरच टळलं! खोट एकच होती. किल्ली पाठीत होती, ती रोज सकाळी द्यावी लागे, आणि आपला हात काही तिथवर पोचत नाही.

मग रोज उजाडताच तो बायकोला किल्ली देई आणि ती त्याला. मरण टळलं, पण जिवाचा घोर काही गेला नाही. ती पाण्याला गेली तरी हा उंबऱ्यात उभा. ही कुठे पडली तर? रुसून बसली तर? आधी त्याने तिचं बाहेर जाणं बंद केलं, मग पाहुण्यांचं येणं.

एके सकाळी दारात बैलगाडी थांबली. दिवस भरलेली लेक जावयाबरोबर आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही त्या मुलखाची रीत. तांबटाने धावत जाऊन दाराला अडसर घातला.

"आबा, मी आलेय. दार उघडा ना."

"अगं, तिला परत पाठव," तो बायकोच्या कानाशी म्हणाला. "तू तिच्यात गुंतलीस आणि मला विसरलीस, तर मी काय करू?"

"अहो, पोटची पोर दारात उभी आहे. लाज नाही वाटत?"

"भीती वाटते गं," तो म्हणाला. आणि बिचारा खोटं बोलत नव्हता.

बायकोने अडसर काढला. "मी जाते तिच्यासोबत. उद्या किल्ली द्यायला कुणाला तरी पाठवते. घाबरू नका." गाडी लेकीच्या गावाकडे वळली. तांबटाने अडसर पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तशी छातीतली टिकटिक मंदावली. हातपाय गार पडले. इतक्यात दारावर थाप पडली.

"मामा, मी आहे, तुमचा जावई. मामींनी पाठवलंय. मुलगी झाली! दार उघडा, किल्ली देतो."

तांबटाच्या मनात आलं, जावयाचा आवाज काढून मरणच आलं असेल तर? तो कोपऱ्यात अंग चोरून बसला. जावई खांद्याने दार ढकलत राहिला, पण तांबटाच्या हातचा अडसर तो, हलतोय कसला! टिकटिक थांबली तेव्हाही बाहेरून हाका चालूच होत्या.

त्याच्या बायकोला मात्र त्याच सकाळी लेकीने, बाळंतिणीच्या बाजेवर बसूनच, किल्ली दिली होती.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: मरणाच्या भीतीने जो आपल्या माणसांना दार लावतो, तो वाचवायला आलेल्यालाच बाहेर ठेवतो.