चौथी चेन

“…पण चेन तर कोरी होती, उस्ताद. मग तुटली कशी?”

वैजनाथने तुटलेली चेन दुकानाच्या फळीवर टाकली. ही चौथी.

इलाही उस्तादांनी तिच्याकडे बघितलंही नाही. नातेपुत्यात चाळीस वर्षं ते सायकली दुरुस्त करत होते. तारा ताणून वाकडं चाक सरळ करायला वैजनाथ त्यांच्याकडेच शिकला. मग डिप्लोमा झाला, तंत्रनिकेतनात वर्कशॉपला लागला आणि उस्तादांनाच हिशेब समजावू लागला. शिंगं फुटली होती म्हणा ना!

“तुमच्या वेळी सायकलला मोटर नव्हती,” तो म्हणाला. “आधी कंट्रोलर जळला. मग मोटरची दातेरी चकती घसरायला लागली. ती वेल्ड केली, तर सगळा जोर मागच्या फ्रीव्हीलवर आला, त्याचे आटे गेले. आता ही चेन.”

“किती दिवस झाले?”

“आठ महिने.”

“तयार बॅटरीची सायकल मिळत होती की रे.”

“मला जमत नाही असं कोण म्हणालं?”

कुणीच म्हणालं नव्हतं.

सायकल त्याच्या वडिलांची, तात्यांची होती. तात्या पाटबंधारे खात्यात पाटकरी. तीस वर्षं याच सायकलवरून पाटाच्या कडेने हिंडले, शेताशेताला पाणी सोडत. मग पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी वैजनाथला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत. आज नवरात्राची पाचवी माळ होती.

तात्यांनी एकच गोष्ट मागितली होती. एकदा सायकलवरून पाट बघायचा. त्यांच्या पायांत पॅडल मारण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून मोटर. तेवढंही आपल्या हातून होत नाही, या विचाराने वैजनाथला रात्रंदिवस अन्न गोड लागत नव्हतं.

“वजन किती त्यांचं?” उस्तादांनी विचारलं.

वैजनाथला बरं वाटलं. म्हातारा शेवटी मुद्द्यावर आला!

“मी सत्तर धरलं होतं.”

“तू काय धरलंस ते नाही विचारलं.”

“…एक्केचाळीस. काल दवाखान्यात काट्यावर उभं केलं होतं.”

उस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. दारात उभ्या सायकलच्या कॅरियरवर बॅटऱ्यांची पेटी बांधलेली होती. ती त्यांनी सोडली आणि वैजनाथच्या हातात दिली.

“तात्या काय म्हणाले होते? त्यांच्याच शब्दांत सांग.”

“म्हणाले, ‘वैजू, एकदा सायकलवर पाटापर्यंत जाऊ.’”

“जाईन म्हणाले?”

“नाही. जाऊ…”

वैजनाथ थांबला. आठ महिन्यांत हा शब्द त्याला आज पहिल्यांदा ऐकू आला. त्याचे डोळे भरून आले. हातात पेटी होती, पुसायचीही सोय नव्हती.

उस्तादांनी मोटर उतरवली. जुनं फ्रीव्हील बसवलं, साधी चेन चढवली. मग स्वतःच्या बैठकीखालची गोधडी चौपदरी केली आणि ट्यूबच्या पट्ट्यांनी कॅरियरवर घट्ट बांधली.

“फाल्गुनात ते स्वतः पायरी उतरत होते, उस्ताद. मागं बसून गप्पा मारत आले असते… मी त्यांना थांबवून ठेवलं. रोज विचारायचे, झाली का रे? मी म्हणायचो, होतेय.”

उस्तादांनी शेवटची गाठ आवळली.

वैजनाथने विचारलं, “बसवेल त्यांना?”

“त्यांचं धोतर घे. त्यांच्या कमरेला आणि तुझ्या कमरेला एकच वेढा दे.”

वैजनाथने पेटी खाली ठेवली, तोंड पुसलं, हँडल हातात घेतलं. मोटर गेल्यावर सायकल फारच हलकी झाली होती.

“लगेच नेतो. सहा किलोमीटर तर आहे. जोरात मारली तर वीस मिनिटांत पोचवतो त्यांना.”

उस्तादांनी मागून कॅरियर धरून ठेवलं.

“हळू जा,” ते म्हणाले. “लवकर पोचलास, तर लवकर परतावं लागेल.”