कापलेला करार

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की रस्त्यांना अजून नावं नव्हती आणि राजे पायी फिरायचे. लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐका.

डोंगरांतून भटकणारी एक टोळी होती. जिथे मुक्काम करी तिथून लोक तिला हुसकून लावत. शेवटी त्या मुलखाच्या राजाने निरोप धाडला, "माझं एक खोरं रिकामं आहे. पाणी आहे, चारा आहे. ते तुमचं. अट एकच. तुम्हाला सगळ्यांनी हाकललं, तुम्ही कुणाला हाकलायचं नाही. आसरा मागेल त्याला आत घ्यायचं."

त्या मुलखात करार करत नसत, करार कापत. मेंढा उभा चिरायचा, त्याचे दोन अर्धे समोरासमोर ठेवायचे आणि दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाने मधल्या रक्ताळलेल्या वाटेने चालत जायचं. चालताना म्हणायचं, "शब्द मोडला तर माझंही असंच होवो." हे नुसतं म्हणण्यापुरतं नसे. शब्द मोडणारा खरोखर कापला जाई.

टोळीतले म्हातारे खलबतं करत बसले. खोरं सगळ्यांना हवं होतं, मधून चालायला कुणालाच नको होतं. एकाचे गुडघे दुखायला लागले. दुसऱ्याला नातवंडं आठवली. आपण हा शब्द पाळणार नाही, हे त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. शेवटी त्यांचं एकमत झालं ते राहीवर. राही शेळ्या राखायची. तरणी होती, आणि तिच्यासाठी रडणारं कुणी नव्हतं.

"पोरी, केवढा मान मिळतोय तुला," टोळीचा म्होरक्या म्हणाला. त्याला सगळे आबा म्हणत.

"एवढा मोठा मान आहे, तर तुमच्या थोरल्याला द्या की, आबा," राही म्हणाली.

आबांना एकाएकी खोकला आला.

ठरल्या दिवशी मेंढा कापला गेला. राही वाटेच्या तोंडाशी उभी राहिली. आपल्या जिवावर कोण उदार झालंय ते तिला पुरतं कळलं होतं. राजा एकटाच आला, अनवाणी. टोळीच्या वतीने कोण चालणार, असं त्याने विचारलं. म्हाताऱ्यांनी राहीकडे बोट केलं. राजाने तिला नाव विचारलं. मग त्याने एकेका म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि एकेक म्हातारा जमिनीकडे पाहू लागला.

"बस, राही," तो म्हणाला. "तू चालायचं नाहीस."

तो वाटेवरून चालत गेला आणि आपला शब्द बोलला. पलीकडे पोचला, वळला आणि पुन्हा त्याच रक्तातून चालत आला. या खेपेला तो म्हणाला, "आणि यांनी शब्द मोडला, तरीही माझंच असं होवो."

वारा पडला. शेळ्या चरायच्या थांबल्या. राहीला धड काही उमगलं नाही, पण तिच्या अंगावर सरसरून काटा आला आणि तिने नकळत कपाळ जमिनीला टेकवलं.

म्हातारे मात्र खूश. परतताना त्यांनी राजाला भोळा ठरवलं, आणि असा स्वस्तातला व्यवहार आपल्या बापजाद्यांनाही जमला नसता म्हणून आबांची पाठ थोपटली.

खोरं फुललं. म्हाताऱ्यांनी भिंत बांधली, वारा अडवायला म्हणून. भिंतीला दार बसवलं, जनावरं अडवायला म्हणून. माणसं अडवायला, असं कुणी म्हणालं नाही. मग दुष्काळ पडला आणि उपाशी माणसं दारावर आली. आपल्यालाच पुरत नाही, असं सांगून आबांनी अडसर घातला. बाहेर एक बाई पाणी मागत राहिली. राहीला ऐकू येत होतं. ते ऐकू येऊ नये म्हणून ती जात्यावर बसली आणि दळण नसताना जातं ओढत राहिली. पुढे हाका थांबल्या. का थांबल्या, तेही तिला कळलं.

बातमी कळताच राजा शिपायांसह आला. आबांनी राहीला दंडाला धरून पुढे ढकललं आणि आमच्या वतीने हीच उभी होती, असं सांगितलं.

राहीने हात सोडवून घेतला नाही. "माझ्या जिवावर यांनी खोरं घेतलं, महाराज. पण दार मीही उघडलं नाही. कापा मला."

"त्या वाटेवर तुझी पावलं नव्हती, राही. यांचीही नव्हती. जातानाची माझी, येतानाचीही माझीच."

तेव्हा कुठे आबांना काय होऊ घातलंय ते कळलं. त्यांचा आवाज मऊ झाला. आपण राजे आहात, सोडून द्या, शेवटी शब्दच तर आहे, असं ते म्हणाले.

"बाहेर जी मेली, तिला काय सांगू?" राजा म्हणाला. "शब्दच तर होता?"

त्याने अंगरखा उतरवून ठेवला आणि आपल्याच शिपायांपुढे उभा राहिला. ते रडत होते. त्याने त्यांना कायदा पाळायला सांगितलं, आणि त्यांनी तो पाळला. भर दुपार होती, तरी उजेड निघून गेल्यासारखा झाला. खोऱ्यात एक पान हललं नाही.

म्हातारे गाठोडी बांधायला धावले. आता आपल्याला हाकलणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण शिपायांचा नायक एवढंच म्हणाला, की खोरं तुमचंच आहे. कराराने जे मागितलं ते राजाने देऊन टाकलंय. बांधलेली गाठोडी घेऊन म्हातारे तिथेच बसले. हाकललं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

राहीने दार बिजागऱ्यांसकट उपटलं. मग ती घागर भरून बाहेर पडली. इथून परत फिरलेली माणसं उपाशी होती. फार लांब गेली नसतील.

तात्पर्य: माणूस शब्द देताना दुसऱ्याला पुढे करतो, देव करार कापतो तेव्हा स्वतःच मधून चालतो, माणसाच्याही वतीने.