मातीची मिठी

त्या रानात धनेश पक्ष्यांचे राज्य होते आणि राज्याची घडी सोपी होती: नर वडावर बसत आणि माद्या ढोलीत बसत. याहून वेगळे काही असू शकते, हे तिथे कुणाच्या डोक्यात आले नव्हते. ज्यांच्या आले असेल, त्यांनी ते बोलून दाखवले नव्हते.

ढोलीत बसायची रीत अशी. लग्न झाले की मादी झाडाच्या पोकळीत शिरायची. नर बाहेरून चिखल पुरवायचा, ती आतून लिंपायची, आणि दार बुजत बुजत शेवटी चोचीएवढी फट उरायची. त्या फटीतून नर तिला फळे भरवायचा. आत गेल्यावर मादीच्या पंखांची पिसे गळत आणि नवी यायला तीन महिने लागत. पिसे नसतात म्हणून ती बाहेर येत नाही, की बाहेर यायचे नसते म्हणून पिसे गळतात, हे आता कुणाला आठवत नव्हते. गळालेली पिसे तिने फटीतून नवऱ्याला द्यायची आणि नवऱ्याने ती वडावर टांगायची. ज्याच्या फांदीला पीस, त्याला फांदी. पिसे जितकी अधिक, तितकी फांदी वरची.

वडावर हाळीमंडळ भरे. रानात कुठले फळ गोड मानायचे, कुणी कसे वागण्यात शोभा आहे, याच्या हाळ्या तिथे तयार होत आणि सकाळी साऱ्या रानात घुमत. हाळी फक्कड जमली की तुरट फळसुद्धा झाडावर शिल्लक राहत नसे. त्यामुळे मंडळींना मोठा मान होता, आणि मानाबरोबर पोटही सुटते तसे ते बहुतेकांचे सुटले होते. वडाच्या मुळाशी दोन-चार तरण्या माद्या चिखल मळायला ठेवलेल्या असत. "लग्न होईपर्यंत तेवढाच पोरींना विरंगुळा," असे मंडळाचे प्रमुख हिरडेबुवा म्हणत. पोरी चिखलावर वाकल्या की वरच्या फांद्यांवरची चर्चा जरा वेळ थांबे, मग घसा खाकरून पुन्हा सुरू होई.

शेवरी तिथेच चिखल मळायची. तिने मळलेला चिखल सुकला की दगड होई; दूरदूरून नर तिच्याच हातचा चिखल मागत, म्हणजे पायाखालचा म्हणायचे. एकदा तिची एक मैत्रीण दार लिंपायच्या आदल्या दिवशी भेदरून रडायला लागली. तिची समजूत काढताना शेवरी हसून म्हणाली, "भिंत कसली गं वेडे, मातीची मिठी ती!"

वरच्या फांदीवर रायवळ बसला होता. काळाभोर, तुकतुकीत, बोलण्यात मिठास असलेला. मंडळात नवा होता आणि उमेदवार म्हणून दुसऱ्याच्या फांदीवर टेकायचा. दुसऱ्या दिवशी तो मंडळापुढे उभा राहिला, डोळे मिटले, थोडा थांबला आणि म्हणाला, "भिंत कसली, मातीची मिठी!" हिरडेबुवांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या हंगामात रानभर तीच हाळी घुमली आणि इतकी दारे लिंपली गेली की ओढ्याकाठची माती संपत आली. बुवांनी रायवळाला बोलावून सांगितले, "फांदी दिली. आता पिसांची तेवढी सोय कर."

रायवळाने शेवरीला मागणी घातली. ती ओळ कुणाची, हे तो एकदा तरी म्हणेल म्हणून ती वाट पाहत होती. शेवटी तिनेच विषय काढला, तेव्हा तो तिच्या मानेवर चोच घासत म्हणाला, "अगं, तुझं ते माझंच ना आता?" तिला ते आवडले. खोटे कशाला बोला, फार आवडले.

ओढ्याकाठची काळी माती तिने स्वतःच मळली, स्वतःच लिंपली, आणि सगळ्यांत लांब एक पीस सोडून बाकी सारी नवऱ्याला दिली. ते एक तिने अंड्याखाली अंथरले.

अंड्यातून लेक निघाली. ढोलीतल्या पिलाला बाहेर येईपर्यंत नाव ठेवायचे नसते, म्हणून ती नुसती लेक. लेक रडायला लागली की शेवरी तिला थोपटत गुणगुणायची: भिंत कसली, मातीची मिठी. तिला दुसरे काही येत नव्हते. लेक चोच मिटून ऐकायची आणि झोपायची. रायवळ दिवसातून चारदा उंबरे घेऊन यायचा, फटीतून वडावरच्या गमती सांगायचा, आणि शेवरीला वाटायचे की आपले बरे चालले आहे.

एके दिवशी भर दुपारी तो आला तेव्हा त्याच्या चोचीला चिखल होता. ओला, तांबडा चिखल. शेवरीची भिंत काळ्या मातीची होती आणि ती वाळून दीड महिना झाला होता. तांबडी माती फक्त पलीकडच्या दरडीवर मिळे.

"हे काय लागलंय तुमच्या चोचीला?"

"हे होय? मंडळाचं काम गं. मातीचे नमुने बघावे लागतात." त्याने चोच फांदीवर पुसली. पुसायची घाई इतकी, की उंबर खालीच पडले.

जन्मभर चिखल मळलेल्या बाईला चिखल ओळखायला शिकवायचे नसते. नमुना बघणाऱ्याच्या चोचीच्या टोकाला माती लागते. दार लिंपायला चिखल पुरवणाऱ्याची चोच दोन्ही कडांनी भरते. ओरडावे, त्याचे डोळे ओरबाडावेत असे शेवरीला वाटले. तिने आपल्या पंखांकडे पाहिले. नव्या पिसांचे नुसते कोंब फुटले होते. लेक भुकेने तिच्या पायाला चोची मारत होती.

"उद्या उंबरं जरा पिकलेली आणा," ती म्हणाली.

त्यानंतर रायवळाच्या फेऱ्या चारावरून दोनावर आल्या आणि मग त्याच्याऐवजी चारोळी येऊ लागली. चारोळी शेवरीच्या जागी चिखल मळायला लागलेली पोर. साहेबांच्या घरी फळे पोचवणे हे चिखल मळण्यातच धरलेले होते.

"रायवळसाहेबांना फार काम आहे, वहिनी," ती पहिल्या दिवशी फटीकडे न बघता म्हणाली.

"दुसरं दार कुठल्या झाडावर आहे?"

चारोळीने एकदा मागे वळून पाहिले. मग हळूच म्हणाली, "बेहड्यावर. तिथंही अधूनमधून मीच नेते. तिला तुमच्याबद्दल काही माहीत नाही, वहिनी. तिला वाटतं, आपण पहिल्याच."

"किती दिवसांची आहे?"

"पिसं नुकतीच गळायला लागलीत."

शेवरीने त्या बाईचा मनसोक्त द्वेष केला. दोन दिवस पुरला. मग तो द्वेषही जड व्हायला लागला, कारण ढोलीत जागाच थोडी असते. तिसऱ्या दिवशी ती चारोळीला म्हणाली, "फळं कमी आण. सरडे आण, नाकतोडे आण. मला पिसं यायला हवीत."

चारोळीने आणले. बसता बसता तीही आपले सांगू लागली. तिने एक नवी हाळी रचली होती. मंडळात बोलून दाखवली तेव्हा सगळे हसले. एकाने तर विचारले की ही पोरगी गाते की शिंकते. आठवड्याने तीच हाळी हिरडेबुवांनी म्हटली आणि टाळ्या पडल्या. चारोळीने फांदी मागितली. बुवा मायेने म्हणाले, "बाळ, फांदीला पीस लागतं. तुझ्यासाठी ढोलीत बसून पिसं कोण गाळणार?" यावर वड इतका हसला की दोन पिकली पाने गळाली.

शेवरीने लेकीच्या अंगाखालचे ते लांब पीस ओढून काढले आणि फटीतून बाहेर सरकवले. याच पिसासाठी रायवळ महिनाभर मागे लागला होता. आणखी एक असते तर त्याला बुवांच्या शेजारची फांदी मिळणार होती.

"टांग," ती म्हणाली.

चारोळीने वडाच्या सगळ्यांत खालच्या रिकाम्या फांदीला पीस टांगले आणि ती तिथे जाऊन बसली.

"कुणाचं हे?" बुवांनी विचारले.

"शेवरीवहिनींचं."

"म्हणजे रायवळाचं!"

"त्यांना दिलं असतं तर त्यांच्या फांदीला असतं ना, बुवा?"

जुनेजाणते रीत आठवत बसले. ज्याच्या फांदीला पीस, त्याला फांदी. रीत एवढेच म्हणत होती. तिने आणखी काही म्हणायला हवे होते, हे कुणाला सुचले नव्हते. "बसू दे," बुवा शेवटी म्हणाले. "चिखल कोण मळणार, तेवढं बघा." चिखल चारोळीनेच मळायचा, असे ठरले. मग कुणीतरी रायवळाला विचारले की घरची पिसे हल्ली बाहेर जातात वाटतं, आणि वड पुन्हा एकदा हसला.

रायवळ तणतणत ढोलीपाशी आला. "चारचौघांत शोभा केलीस माझी! काय कमी केलं होतं मी तुला?"

"पीस माझं होतं."

"माझ्या फळांवर वाढलेलं!"

"ते लग्नाआधीचं होतं," शेवरी म्हणाली. "तुमच्या फळांवरची आत्ता कुठं येताहेत. आणि बेहड्यावरचीही येतील सावकाश."

तो तणतणतच उडून गेला. तो पुन्हा आला नाही.

चारोळीही आली नाही. तिला यायचे होते. पण फांदीवर बसणाऱ्याने घरोघर फळे पोचवणे मंडळाच्या इभ्रतीला शोभत नाही, असे तिला समजावून सांगण्यात आले. हा नियम त्या दिवशीच केला होता. चिखल मात्र इभ्रतीच्या आड येत नव्हता.

एक दिवस गेला, दोन गेले. लेकीचा आवाज बारीक होत चालला. शेवरीने पंख पसरून पाहिले. पिसे अर्धीअधिक आली होती. पुरी यायला पंधरा दिवस हवे होते, आणि लेकीकडे पंधरा दिवस नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी हाळ्या सुरू झाल्या तशी तिने भिंतीवर पहिला घाव घातला.

भिंत हलेना. दुपार झाली तरी मूठभर खपलीच निघाली. इतका घट्ट चिखल मळला कुणी, असे तिच्या मनात आले आणि ती रडता रडता हसली. संध्याकाळच्या आत ती कशीबशी बाहेर पडेल एवढे भगदाड पडले. आत तुकड्यांचा खच झाला होता. "इथंच थांब, मी आलेच," असे लेकीला सांगून तिने उडी टाकली. उडणे असे नव्हतेच ते. पडता पडता तिने एक फांदी गाठली, मग दुसरी. उंबराच्या झाडापर्यंत पोचेतो तिची छाती भात्यासारखी हलत होती. चोचीत आणि गळ्यात मावतील तेवढी उंबरे तिने भरली.

परतीच्या वाटेवर बेहडा लागला. तांबड्या मातीचे दार, मध्ये फट, फटीतून बाहेर आलेली एक चोच. पंखांची चाहूल लागताच आतून आवाज आला, "किती उशीर केलात आज! काल तर आलाच नाहीत." आवाज लाडिक होता, पण भुकेने चिरकला होता. हाच लाडिकपणा शेवरीने स्वतः केला होता. तिला तो शब्द न् शब्द पाठ होता. तिने दोन उंबरे त्या चोचीत ठेवली आणि ती पुढे गेली.

ढोलीपाशी ती पोचली तेव्हा उन्हे झाडांच्या शेंड्यांवर होती. तिला वाटले, आपण झाड चुकलो. भगदाड कुठेच नव्हते. मग तिने नीट पाहिले. फोडलेल्या भिंतीचे तुकडे लाळेत भिजवून पुन्हा बसवले होते. लिंपण वेडेवाकडे होते, पण पक्के होते. मधोमध एका चोचीएवढी फट होती.

आतून लेकीचे गुणगुणणे ऐकू येत होते. भिंतीआडून शब्द नीट कळत नव्हते, चाल मात्र बरोबर होती. भिंत कसली, मातीची मिठी.

"अगं," शेवरी म्हणाली. "कुणी शिकवलं तुला हे?"

गुणगुणणे थांबले. फटीतून इवलीशी चोच बाहेर आली आणि उघडली. शेवरीने तिच्यात उंबर ठेवले. पोर तीन दिवसांची उपाशी होती. तिने दुसरे ठेवले, मग तिसरे.

"छान आहेत," लेक घास गिळून म्हणाली. "आणि आई, येताना थोडी माती आणशील? वरच्या कोपऱ्यातून अजून उजेड येतोय."