तान्हाबाईचं मेंदीचं कुंपण

एका गावात नागोजी नावाचा एक शेतकरी होता. सकाळी उठला की तो आधी गोठ्यात जायचा नाही, शेताच्या हद्दीवर जायचा. कडेकडेने चालायचा, पावलं मोजायचा. जागा कालच्याइतकीच भरली की मग त्याला भाकरी गोड लागायची.

त्याला कारण होतं. त्या गावातली कुंपणं चालायची. नागोजीच्या पश्चिमेच्या शेजाऱ्याने कुंपणाला काटेरी घायपात लावला होता. घायपाताला बुडाशी पिल्लं फुटतात. शेजारी आपल्या बाजूची पिल्लं खणून टाकी आणि नागोजीच्या बाजूची तेवढी राहू देई. असं करता करता वीस वर्षांत नागोजीच्या वडिलांची एक अख्खी सरी गेली. वडील विचारायला गेले, तर शेजारी म्हणाला, "मी कुठं सरकलो, दादा? झाड वाढलं." वडील मान खाली घालून घरी आले. ती खाली गेलेली मान नागोजीने लहानपणी पाहिली होती.

पूर्वेला एक पडीक तुकडा होता. मधे बांध नव्हता, दोन टोकांना हद्दीचे दोन दगड तेवढे होते. तो तुकडा तान्हाबाई नावाच्या एका विधवा बाईने घेतला. तिला मोगऱ्याची आणि शेवंतीची बाग करायची होती. गुरं शिरू नयेत म्हणून तिने आधी कुंपण लावायला घेतलं.

आषाढातल्या एका सकाळी ती मेंदीच्या काड्यांचा भारा घेऊन आली. नागोजी हातात काठी घेऊन दगडाशी येऊन बसला. आता ही काय करते ते बघू, असं त्याच्या मनात होतं.

तान्हाबाईने दोरी बांधली. पण दगडापासून दगडापर्यंत नाही. चांगली दोन हात आत, आपल्या जमिनीत.

नागोजीला हसू आलं. "काकी, दोरी चुकली तुमची."

"नाही रे बाळा, बरोबर आहे."

"मग एवढी जागा काय पाखरांना सोडली?"

"झाड आज बोटाएवढं आहे, उद्या अंग धरेल. त्याला पसरायला माझीच जागा नको का? आणि तुझ्या बाजूची छाटणी करायला मी उभी कुठे राहू? तुझ्या पिकात?"

नागोजी घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "सगुणे, यात काहीतरी डाव आहे."

तो डाव शोधू लागला. रोज हद्दीवर जाई आणि तान्हाबाईचं पाऊल आपल्या शेतात पडलंय का, ते वाकून बघे. पाऊल सापडत नसे. दिसायचं ते एवढंच, की ती काम करतेय.

काड्यांना पालवी फुटली, झाडं गुडघ्याएवढी झाली. एक दिवस तान्हाबाईने कोयता आणला आणि सगळी रांग वीतभर ठेवून छाटून टाकली. नागोजीला राहवलं नाही. "काकी, वाढवताय की मारताय?"

"वर पळालं की खाली विरळ राहतं," ती म्हणाली. "कोंबडी शिरते ती खालूनच."

पहिला उन्हाळा कडक गेला. तान्हाबाई ओढ्यावरून घागर आणायची आणि प्रत्येक बुंध्याशी ओंजळ ओंजळ पाणी घालायची. जी झाडं वाळली, त्यांच्या जागी पावसाळ्यात नव्या काड्या लावल्या. छाटलेला पाला ती वेचून घ्यायची. नागोजीच्या सरीत एक डहाळी पडू द्यायची नाही. तिसऱ्या वर्षी कुंपण असं दाट झालं की सरड्यालासुद्धा वाट शोधावी लागे.

सगुणा नवऱ्याला म्हणायची, "अहो, तीन वर्षं झाली. त्या बिचारीला डाव येतच नसेल, हे काही तुमच्या डोक्यात शिरत नाही."

त्या वर्षी पावसाच्या तोंडावर तान्हाबाई लेकीच्या बाळंतपणाला दूरगावी गेली. जाताना तिने त्या दोन हात जागेत ना खुंटी ठोकली, ना दगड ठेवला. नागोजीला "येते रे" म्हणाली आणि गेली.

पेरणी जवळ आली. नागोजीने बैल जुंपले. नांगरत नांगरत तो पूर्वेच्या कडेला आला आणि थांबला. समोर ती पट्टी मोकळी पडली होती. बघायला कुणी नव्हतं. त्याच्या मनात आलं, बापाची गेलेली सरी इथे भरून निघेल. उद्या कुणी विचारलंच तर म्हणू, कुंपण तर तिथेच आहे, मी कुठं सरकलो?

त्याने नांगर पट्टीत घातला.

निम्मी पट्टी झाली नसेल, तोच फाळ कशात तरी अडकला. बैलांनी ओढलं आणि काहीतरी तटकन तुटलं. नागोजीने वाकून पाहिलं. मेंदीचं एक झाड मुळासकट कलंडलं होतं. पांढरी मुळं उघडी पडली होती.

तो मुळं मातीत ढकलायला खाली बसला, तेव्हा पुढची न नांगरलेली जमीन त्याच्या नजरेला आली. तिथली माती दगडासारखी टणक होती. तीन वर्षं तान्हाबाई तिथेच उभी राहून छाटत होती. पायाखाली दबून दबून तिची एक वाट पडली होती, हातभर रुंद, सरळ. जी पावलं नागोजी रोज आपल्या शेतात शोधत होता, ती सगळी इथे होती. एकही बाहेर नव्हतं.

नागोजी उठला. मग त्याने बैल सोडले. नांगरलेली माती हातांनी सारखी केली, पायांनी दाबली. कलंडलेलं झाड उभं करून त्याला पाणी घातलं. ते जगलं नाही. मग त्याने दुसऱ्या झाडाची काडी काढून तिथे लावली.

तान्हाबाई चार महिन्यांनी आली. कुंपणाची बागेकडची बाजू रानासारखी माजली होती आणि नागोजीकडची बाजू सुबक छाटलेली होती. नागोजी कोयता घेऊन तिथेच उभा होता.

"अरे, आतली बाजू तशीच का ठेवलीस?"

"तुम्हाला न विचारता बागेत कसा येऊ, काकी?"

ती हसली. रांगेवरून नजर फिरवता फिरवता एका जागी थांबली. सगळी झाडं छातीएवढी, आणि मधे एक वीतभराचं.

"हे एवढंसं कसं राहिलं रे?"

रेडा शिरला होता, असं सांगता आलं असतं. नागोजीच्या ओठांवर ते आलंही होतं. पण त्याने कोयता खाली ठेवला.

"मी नांगर घातला होता, काकी. तुमची जागा घ्यायला. तिथलं झाड मी मारलं. हे नंतर लावलंय."

तान्हाबाई खाली बसली आणि तिने त्या रोपाची पानं बोटांनी चाचपून बघितली.

"जीव धरलाय त्याने," ती म्हणाली. "पण आजूबाजूची थोरली त्याला पाणी पुरू द्यायची नाहीत. येता उन्हाळा जपावं लागेल. तुझ्या बाजूने तू घाल, माझ्या बाजूने मी घालते."

नागोजीने मान हलवली. तो तसाच ओढ्याकडे निघाला, तेव्हा तान्हाबाईने मागून हाक मारली, "अरे, घागर तर घेऊन जा!"

तात्पर्य: शेजाऱ्याची हातभर जागा घेतली, तर ती जन्मभर राखत बसावं लागतं. आपली हातभर सोडली, तर शेजारीच ती राखू लागतो.